बाजूच्या सीटचा ब्रेक

बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवते आहे, आणि बावीस वर्षांत माझा उजवा पाय एकदाही निवांत बसलेला नाही. शिकणाऱ्याच्या शेजारी, बाजूच्या सीटपुढे, माझ्यासाठी एक वेगळा ब्रेक बसवलेला आहे. समोरून ट्रक येतो, शिकणारा हॉर्न शोधता शोधता वायपर चालू करतो, आणि मी ब्रेक दाबते. दिवसातून अकरा-बारा वेळा तरी. घरी टीव्हीवर सिनेमातली गाडी वळणावर आली तरी माझा पाय फरशीत रुततो. यावर आमच्या घरात इतके विनोद होऊन गेलेत की आता कुणी हसतही नाही.

माझी शिकवण्याची एक पद्धत आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी, शेवटच्या तासाला, मी चपला काढते आणि सीटवर चक्क मांडी घालून बसते. शिकणाऱ्याला दिसलं पाहिजे की बाईंचा पाय आता ब्रेकवर नाही. त्या तासाला मी त्याच्याकडे बघत नाही, बोलत नाही, फक्त समोरचा रस्ता बघते. भल्याभल्यांना घाम फुटतो. पण आधीच्या वीस तासांत जे डोक्यात शिरत नाही ते त्या एका तासात शिरतं. लोक माझ्यामागे मला 'मांडीवाल्या बाई' म्हणतात, आणि हे मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही.

शेकडो लोकांसाठी मी अशी मांडी घातली. माझ्या स्वतःच्या मुलीसाठी मात्र घातली नव्हती, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणी साखरेचा डबा जिथे लपवू तिथे ती पोचायची. आता ती एकोणीस वर्षांची आहे, माझ्याहून वीतभर उंच आहे, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला मी चार महिने गाडी शिकवली. हात बसेना. मग एक दिवस तिने मला न सांगता आमच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं आणि आठ दिवसांत परीक्षा पास झाली. मी पंधरा दिवस तिच्याशी धड बोलले नाही. माझ्या नाकावर राग असतो, ते मी कबूल करते.

नदीवर जायची टूम तिनेच काढली. तीन दिवस राफ्टमधून जायचं, दोन रात्री काठावर तंबूत काढायच्या, आजूबाजूला डोंगर आणि जंगल, फोनला रेंज नाही. मी म्हटलं, "पैसे देऊन भिजायचं?" तिचे बाबा म्हणाले, "जाऊ या की." त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, माझा चष्माही तिथलाच, आणि मुलगी काही म्हणाली की ते आधी हो म्हणतात आणि मग विचारतात काय म्हणालीस. आमचे चष्मेवाले स्वभावाने गरीब. घरात आवाज माझा असतो, आणि कुणाचा तरी तो असायलाच हवा.

गेलो आमच्या शाळेच्याच गाडीतून. टपावर 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' असा पिवळा फलक. त्याचा एक फायदा असा की हायवेवर ट्रकवालेसुद्धा वचकून असतात. गाडी मी चालवत होते, शेजारी मुंगी, आणि चष्मेवाले मागे पिशव्यांमध्ये. त्यांना पुढे बसायची बंदी आहे. लग्न झालं त्या वर्षी ते माझ्या शेजारी बसले होते, आणि पाय लांब करायला म्हणून त्यांनी भर चौकात तो दुसरा ब्रेक दाबला. मागची रिक्षा आमच्या डिकीत आली. तेव्हापासून त्यांची जागा मागे.

राफ्ट जिथे उतरणार होती तिथे आम्ही गाडी लावली आणि जीपने वरच्या अंगाला गेलो. काठावर एक पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई राफ्टमध्ये हवा भरत होती. तिला सगळे मावशी म्हणत होते. मुंगी धावत गेली आणि तिच्या गळ्यातच पडली.

"तुम्ही ओळखता हिला?" मी विचारलं.

"म्हणजे काय!" मावशी म्हणाली. "गेल्या वर्षी कॉलेजबरोबर आली होती ना. दोन दिवस पुढच्या जागेवर होती. काय हात आहे पोरीचा!"

गेल्या वर्षी मुंगी मला म्हणाली होती की मुलं राफ्टमध्ये बसली आणि तिने काठावरून फोटो काढले. मी तिच्याकडे बघितलं. ती हेल्मेटचा पट्टा लावण्यात फार गुंतून गेली. परक्यांसमोर तमाशा नको म्हणून मी तो घोट गिळला.

मावशीने आम्हाला वल्हं कसं धरायचं ते दाखवलं. राफ्टच्या आडव्या फुगीर पट्ट्याखाली पाय घट्ट अडकवायचे, म्हणजे माणूस बाहेर फेकला जात नाही. 'पुढे' म्हटलं की पुढे मारायचं, 'मागे' म्हटलं की मागे, 'थांबा' म्हटलं की थांबायचं. पुढे डावीकडे मी, उजवीकडे चष्मेवाले, मध्ये मुंगी, आणि शेवटी दिशा सांभाळायला मावशी. सामानाची दुसरी राफ्ट तिचा भाऊ चालवत होता. तीन दिवसांत हा माणूस सात वाक्यं बोलला असेल.

पहिला मोठा रॅपिड, म्हणजे फेसाळता उतार, लागला त्याचं नाव मावशीने ठेवलं होतं 'सासूबाई'. वरून बघितलं तर शांत, जवळ गेलं की खालून धरते. आम्ही जवळ गेलो. पाणी अचानक उतारावर घसरलं, समोर पांढरा फेस उभा राहिला, मावशी ओरडली, "पुढे! जोरात पुढे!"  माझा उजवा पाय जे नव्हतं ते दाबायला लागला. ब्रेक लागेना, म्हणून माझ्या हातांनी परस्पर निर्णय घेतला आणि मी वल्हं उलटं मारलं. एकदा, दोनदा, तीनदा, जिवाच्या आकांताने.

राफ्ट आडवी झाली. एक लाट अंगावरून गेली, मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा शेजारची जागा रिकामी होती.

ते अर्धं मिनिट मला आठवायचं नाही. मावशीच्या भावाने दोरी फेकली, चष्मेवाल्यांनी ती पकडली, ते राफ्टमध्ये ओढले गेले, आणि खोकत खोकत त्यांनी पहिलं काय केलं तर गळ्यातली चष्म्याची दोरी चाचपली. दोरी होती. चष्मा नव्हता. ती दोरी त्यांच्याच दुकानातली होती, वर्षभराच्या गॅरंटीची.

"ताई," मावशी हळूच म्हणाली, "तुम्ही मागे मारत होतात."

"मी वेग कमी करत होते."

"नदीला ब्रेक नसतो, ताई. पाण्यापेक्षा थोडं जास्त वेगात राहिलं तरच राफ्ट आपलं ऐकते. हळू झालात की मग पाणी नेईल तिकडे जायचं."

 माझ्या आयुष्यात मला कुणी गाडीतून उतरवलं नव्हतं, त्या दिवशी तसं वाटलं.

संध्याकाळी वाळूवर तंबू लावले. अजून चांगला उजेड होता. झाडाला दोरी बांधून मी ओले कपडे टाकत होते, आणि मुंगी माझ्या हातात चिमटे देत होती. मला वाटलं काठावरच्या फोटोंबद्दल माफी मागायला आली असेल.

"आई, मला इथे राहायचंय," ती म्हणाली. "मावशी परवापासून चार मुलींना शिकवणार आहे. तीन महिने. नंतर माझी परीक्षा होईल, आणि मग मीही लोकांना राफ्टमधून नेऊ शकेन. कॉलेज सुरू व्हायच्या आत मी परत येते. पण मावशीचा नियम आहे, घरून हो असेल तरच ती ठेवून घेते."

म्हणजे ही सहल सहल नव्हतीच. मला हे सगळं दाखवायला आणलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"विचार तरी कर."

"तुझे बाबा आज बुडता बुडता वाचले, आणि तू मला विचार करायला सांगतेस? तुला साधी गाडी शिकायला चार महिने पुरले नाहीत. तिथे तर निदान मी शेजारी होते."

मुंगी काही क्षण चिमट्यांशी खेळत राहिली. मग म्हणाली, "आई, ते पेडल जोडलेलं असतं."

"कुठलं?"

"ब्रेकचं. तू तुझ्या बाजूला दाबलंस की माझ्या बाजूचंही खाली जातं. माझ्या बुटाशेजारी ते आपोआप खाली जाताना मला दिसायचं. प्रत्येक वेळी. मी बरोबर वळत असले तरी. तू अगदी हलकेच दाबायचीस, मला कळू नये म्हणून, आणि मी घरी येऊन रडायचे. मला वाटायचं मी इतकी मठ्ठ आहे की आईला बोलायचीही लाज वाटते." तिने एक चिमटा दोरीला लावला. "त्या दुसऱ्या शाळेत पहिल्या दिवशी पेडल एकदाही हललं नाही. मला वाटलं सरांना झोप लागली."

 पेडल जोडलेलं असतं हे मी बावीस वर्षं लोकांना सांगते. हलकेच दाबलेलं तिला कळत नसेल, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

"तू सगळ्या जगासाठी मांडी घालतेस, आई," ती म्हणाली, आणि उरलेले चिमटे माझ्या हातात देऊन चहाचं बघायला गेली.

सकाळी नदीवर धुकं होतं. चष्मेवाले पाण्यात पाय सोडून खडकावर बसले होते. नाकावर जादाचा चष्मा होता. असे तीन त्यांनी आणले होते, कपड्यांचे जोड मात्र दोन.

"अहो, काल तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?" मी विचारलं.

"माणसाचा चेहरा नीट दिसल्याशिवाय मला वाद घालता येत नाही."

"आता दिसतोय ना? मग बोला. मुलीला या पाण्यात ठेवून जायचं?"

 "भीती मलाही वाटते. पाण्यात काल मी होतो, तू नव्हतीस. अगं, आत शिरलं की वर कुठे आणि खाली कुठे तेच कळत नाही." त्यांनी पाय वर घेतले. "दोरी त्या मुक्या माणसाने टाकली. पण मला जॅकेटला धरून वर कुणी ओढलं माहितीये?"

"मावशीने."

"मावशी राफ्ट सरळ करत होती. मला मुंगीने ओढलं. गुडघा कडेला लावला, दोन्ही खांद्यांना धरलं, आणि एका झटक्यात आत घेतलं. वर म्हणाली, 'बाबा, पोट आत घ्या.' तू तेव्हा पुन्हा डोळे मिटले होतेस, म्हणून दिसलं नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचं ओलं पाऊल माझ्या पावलाला लागलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते ठरत नव्हतं.

त्या दिवशी मी वल्हं कमी मारलं आणि बघितलं जास्त. दुपारी एका अवघड जागेआधी मावशीने राफ्ट काठाला घेतली आणि आम्ही सगळे एका मोठ्या खडकावर चढलो. खाली पाणी तीन वाटांनी दगडांमधून फुटत होतं. मावशीने मुंगीला विचारलं, "बोल, कुठून जाशील?" मुंगी बराच वेळ बघत राहिली. लहानपणी ती मुंग्यांची रांग बघायची तशी, खालचा ओठ दातात धरून. मग म्हणाली, "डावीकडची वाट रुंद दिसते, पण खाली दगड आहे, तिथे पाणी उलटं फिरतंय. मधून जायचं, आणि त्या काळ्या दगडाच्या आधीच उजवीकडे वळायला सुरुवात करायची."

मावशीने नुसती मान हलवली.

राफ्टमध्ये बसताना चष्मेवाले कडा घट्ट धरून समोरच्या फेसाकडे टक लावून होते. मुंगीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, लाटेकडे बघू नका. जिथे जायचंय तिथे बघा. जिथे नजर, तिथे गाडी." मग हसली. "म्हणजे राफ्ट."

हे वाक्य माझं आहे. गेली बावीस वर्षं, पहिल्या तासाला, बॉनेटकडे डोळे फाडून बघणाऱ्या प्रत्येकाला मी ते ऐकवते. ते चार महिने वाया गेले असं मी धरून चालले होते. ती माझ्याकडून शिकली होती, माझा पाय मध्ये असतानाही शिकली होती, आणि हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं कारण मी तिला बोलूच दिलं नव्हतं.

मधून गेलो. काळ्या दगडाच्या आधीच उजवीकडे वळलो.

तिसऱ्या दिवशी शेवटचा रॅपिड होता. त्याचं नाव 'जिना'. सहा पायऱ्या, फार मोठ्या नाहीत, पण एकामागून एक, श्वास घ्यायला सवड नाही. त्याच्या अलीकडे संथ पाण्यात मावशीने वल्हं मांडीवर ठेवलं.

"ताई, इथून पुढे हिला घेऊ दे का? मी मध्ये बसते. हात लावणार नाही. पण तुमचं हो पाहिजे."

 चष्मेवाले चष्मा पुसायला लागले, जो पुसून पुसून आधीच लखलखत होता. मुंगी माझ्याकडे बघत नव्हती. मी मावशीला मानेनेच हो म्हटलं. मग मी पाय पट्ट्याखाली घट्ट अडकवले, वल्हं उचललं, आणि तोंड पुढे केलं.

मागे जागांची अदलाबदल झाली तेव्हा राफ्ट थोडी डुलली.

"पुढे," मुंगी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण असा मी कधी ऐकला नव्हता.

पहिल्या पायरीला माझा उजवा पाय दाबला गेला. त्याला मी काय करणार, त्याची सवय जुनी. दुसऱ्या पायरीला पाणी तोंडावर आलं आणि हात मागे जायला निघाले. मला माझे हात मागे जाताना दिसले. "आई, पुढे!" ती ओरडली. "पुढे, आई!" आणि मी पुढे मारलं. डोळे उघडे ठेवून मारलं, लाटेपलीकडच्या शांत पाण्याकडे बघत मारलं. तिसरी, चौथी, पाचवी. सहावीला राफ्टचं नाक वर उचललं गेलं, क्षणभर समोर फक्त आकाश होतं, आणि मग आम्ही धपकन खाली आलो आणि सरळ होतो.

चष्मेवाले आपल्या जागेवर होते. चष्माही त्यांच्याच नाकावर होता.

तिथून गाडी लावली होती तिथपर्यंत दोनेक किलोमीटर संथ प्रवाह होता. मी वल्हं आडवं ठेवलं. ओल्या चपला काढल्या. पट्ट्याखालून पाय सोडवले, राफ्टच्या तळात सरकले, आणि मांडी घालून बसले. तळात घोटाभर गार पाणी होतं. बसले त्यातच.

मागे वल्ह्याचा आवाज थांबला.

चष्मेवाले वळायला लागले तशी मी म्हटलं, "मागे बघायचं नाही. शेवटच्या तासाला बघायचं नसतं."

 मग कुणीतरी जोरात नाक ओढलं, आणि वल्हं पुन्हा पाण्यात पडलं. मुंगीने राफ्ट वळणाच्या बाहेरच्या बाजूने घेतली, एक बुडालेलं झाड टाळलं, आणि हळूच मधल्या धारेला आणली. मी समोर बघत राहिले. मला भीती वाटत होती, आणि माझ्या मुलीचा मला इतका अभिमान वाटत होता की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

काठावर उतरल्यावर मावशीने विचारलं, "मग, ताई?"

"तिचे कोरडे मोजे माझ्या पिशवीत आहेत," मी म्हटलं. "तेवढे काढून देते. आणि ती सकाळी काही न खाताच निघते, तिच्यावर लक्ष ठेवा."

मुंगीने मला मिठी मारली तेव्हा तिला वाकावं लागलं. कानाशी म्हणाली, "आई, थँक्यू." मी म्हटलं, "पाचव्या पायरीला उशिरा वळलीस." ती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. नाक पुसून म्हणाली, "माहितीये."

परतताना पुढची सीट रिकामी होती. चष्मेवाले सवयीने मागचं दार उघडून थबकले आणि माझ्याकडे बघायला लागले.

"बसा पुढे," मी म्हटलं. "पायाखाली बघून."

ते अंग चोरून बसले, पाय सीटच्या अगदी जवळ घेऊन. मी गाडी काढली. आरशात मुंगी हात हलवत होती, शेजारी मावशी होती, आणि तिच्या भावानेही एक हात वर केला होता. पहिल्या वळणापर्यंत मी ठीक होते. दुसऱ्या वळणाला रस्ता पुसट झाला. मला वाटलं धुकं आहे, पण ऊन तर लख्ख होतं. डोळ्यांतलं पाणी चष्म्याच्या काचेवर उतरलं होतं, आणि मी ते पुसायला हात काढत नव्हते. गाडीत असताना मी स्टिअरिंगवरून हात काढत नाही. गाडी मात्र हळूहळू कडेला चालली होती.

आणि माझ्या पायाशेजारचं ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं.

अगदी हलकेच. गाडी मंद झाली, कडेच्या गवतात गेली आणि थांबली. मी शेजारी बघितलं. चष्मेवाल्यांचा पाय ब्रेकवर होता आणि चेहरा असा, की आता बोलणी खावी लागणार.

मी हँडब्रेक ओढला. त्यांनी माझा चष्मा काढला, खिशातलं दुकानाचं फडकं काढून दोन्ही काचा आधी आतून मग बाहेरून पुसल्या, उजेडाला धरून बघितल्या आणि माझ्या नाकावर नीट बसवल्या. बसवताना त्यांची बोटं थोडा वेळ माझ्या कानांमागे राहिली. त्यांचेही डोळे लाल होते.

"दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय."

मग त्यांनी बूट काढले. एक पाय उचलला, मग दुसरा. गुडघे कटकन वाजले, एक कोपर दारावर आपटलं, आणि बऱ्याच खटपटीनंतर आमचे चष्मेवाले त्या सीटवर मांडी घालून बसले. हात मांडीवर ठेवले आणि समोर रस्त्याकडे बघायला लागले.

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.